दीडशे अर्धवट रिक्वेस्टी

साइट बंद पडली तेव्हा मंजुषा चहात बिस्कीट बुडवत होती. मंगळवार होता, दोन हजार बारा सालच्या मे महिन्याची एकोणतीस तारीख, सकाळचे सव्वाअकरा. अमरावतीत राजापेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात कूलर घरघरत होता आणि वाळ्याच्या ताटीतून गळणारं पाणी खालच्या बालटीत पडत होतं. बिस्कीट तुटून चहात गेलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

"घ्या! आजच मुहूर्त सापडला याले," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दहाला ही साइट लोकांसाठी उघडायची होती. अकोल्याच्या एका बियाणे संघाचं काम. कपाशीचं एक वाण असं होतं की ज्याला त्याला तेच हवं, आणि पाकिटं मोजकी. मागच्या जूनमध्ये संघाच्या गोदामासमोर तीन दिवस रांग होती. तिसऱ्या दिवशी भर दुपारी कुणीतरी ओरडलं की बी संपलं. मग रेटारेटी, फाटक आडवं, आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. त्या रांगेत मंजुषाचे वडील शालिकराम होते. बाळापूरजवळच्या एका गावात त्यांचं वावर. वांगी, मेथी, थोडा झेंडू, उरलेल्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी. ते घरी आले ते अनवाणी. रांगेत आपली चप्पल ठेवायची आणि आपण सावलीला बसायचं ही सगळ्यांचीच रीत, त्यामुळे पळताना चपला तिथंच राहिल्या. तापल्या डांबरावरून चालून तळपायांना जे फोड आले ते पंधरा दिवस बरे झाले नाहीत. मंजुषानं आपल्या हातानं त्यांना हळद लावली होती. आपल्या बापाला पुन्हा असं उभं राहू द्यायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून ही साइट. गावातल्या कॅफेतून नाहीतर मोबाइलवरून नाव-गाव भरा, नंबर घ्या आणि दिलेल्या दिवशी जाऊन पाकिटं उचला. तीन महिने ती यावर राबली होती, बडनेऱ्याच्या खोलीवर जेवायला जायचीही शुद्ध नव्हती तिला.

"का झालं?" ऑफिसचे मालक शाकीबभाई आतून आले. मूळचे परतवाड्याचे, बोलायला मोठे गोड, पण काम अडलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

"काहीच नाई झालं, हेच तं! मशीन झोपून राहिली. भार नाई, मेमरी रिकामी. आन कोणाले आत येऊ देत नाई."

तिनं उघडी कनेक्शनं तपासली आणि तिचं डोकं सटकलं. सर्व्हर एका वेळी दीडशे जणांचं ऐकू शकत होता. दीडशेच्या दीडशे जागा भरलेल्या होत्या, आणि एकाचंही बोलणं पूर्ण झालेलं नव्हतं.

साइट उघडताना आपला मोबाइल सर्व्हरला आधी चार ओळी सांगतो. मी कोण, कुठलं पान हवं, कुठली भाषा चालेल, असं. त्या ओळींना हेडर म्हणतात आणि त्या सगळ्या मागणीला रिक्वेस्ट. ओळी संपल्या की तो एक रिकामी ओळ पाठवतो. रिकामी ओळ म्हणजे, झालं माझं, आता तुम्ही बोला. ती आली की सर्व्हर पान देतो आणि जागा मोकळी करतो. इथं दीडशे जणांनी बोलायला सुरुवात केली होती, दर पंधरा सेकंदांनी एकेक ओळ पाठवत होते, आणि रिकामी ओळ काही कुणी पाठवत नव्हतं. सर्व्हर आपला सभ्यपणे ऐकतोय. बाहेर हजार लोक का तिष्ठेनात!

ही खोडी तिला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी जगभर गाजलेली. उपायही साधा, ठरावीक वेळात बोलणं संपलं नाही तर कनेक्शन तोडायचं. तशी मर्यादा सर्व्हरवर होतीही. ती मंजुषानंच काढून टाकली होती. का, तर पंधरा दिवसांपूर्वी धारणीच्या एका मास्तरांनी मोबाइलवरून साइट उघडून पाहिली, तिथलं नेटवर्क असं मेलेलं की चार ओळी यायला चार मिनिटं लागली आणि सर्व्हरनं मध्येच फोन ठेवल्यासारखं केलं. मेळघाटातल्या माणसाचं बोलणं पूर्ण ऐकूनच घ्यायचं, असं म्हणून हिनं मर्यादाच उडवली. तेव्हा शाकीबभाईंनी पाठ थोपटली होती. आता तेच म्हणत होते, "मंग लाव ना टाइम! काहून बसून राहिली?"

"थांबा जरा. कोण करून राहिलं हे पाहू तं द्या."

येणाऱ्या ओळी तिनं पडद्यावर घेतल्या. अशा खोडीत निव्वळ कचरा येतो, कसलीही अक्षरं, कसलेही आकडे. इथं इंग्रजी अक्षरांत धडधडीत मराठी होतं.

नाव: गोवर्धन. गाव: पारस. पुढे: आशाबाई, निंबा. मागे: शकुन, उरळ.

तिनं शकुनची रिक्वेस्ट शोधली. पुढे: गोवर्धन, पारस. बरोबर. त्यामागची काढली, त्यामागची. दीडशेही जण एकमेकांना धरून होते, एकाची गाठ कुठं सुटत नव्हती. आपल्याकडे रांगेत शिरलं की पहिल्यांदा विचारायचं, शेवटचा कोण? मग पुढच्याला तोंड दाखवून ठेवायचं, मागच्याला सांगून ठेवायचं, आणि मगच चप्पल ठेवून हलायचं. हे तेच होतं, रांगेची साक्ष.

"मागच्या सालची यादी हाय कोणाजवळ तरी," मंजुषा दात खात म्हणाली. "एखाद्या बियाणेवाल्याले काळ्या बाजाराची सवय लागली आसन. साइट चालली तं त्याचं दुकान बसते."

पत्ता तर तिला हसायलाच लावणारा निघाला. सगळ्या रिक्वेस्टी एकाच ठिकाणाहून येत होत्या, संघाच्या अकोल्यातल्या गोदामाच्या लाइनवरून. तिनं ताडकन संघाचे अध्यक्ष खुशालराव यांना फोन लावला.

"गोदामात कोण बसलं हो कॉम्प्युटर घेऊन?"

"कॉम्प्युटर? अवो बाई, गोदामाची लाइन तं मागच्या जूनपासून बंद हाय. फाटक पडलं तवा वायरही तुटली."

"आन मागच्या सालची यादी कोणाकडं हाय?"

"यादी कायची?" खुशालराव म्हणाले. "यादी कोणी केल्लीच नाई. नुसत्या चपला होत्या."

मंजुषानं फोन ठेवला. मग यादी नसताना कोण कुणाच्या मागे होतं हे कोणाला कळलं असेल, हा प्रश्न तिनं डोक्यातून ढकलून दिला. राग आला की प्रश्न पडत नाहीत, हे एक बरं असतं.

तेवढ्यात तिला ओळखीचं नाव दिसलं. रहमतुल्ला, बाळापूर. रहमतुल्लाचाचा! बाळापुरात सतरंज्या विणायचे आणि त्यांचं तीन एकर वावर तिच्या बाबांच्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लागून. आपल्या माणसांची नावं वापरतात नालायक! तिनं रागारागानं ती एक रिक्वेस्ट तोडली.

एकशे एकोणपन्नास. दोन सेकंदांत शेवटाला नवीन एक येऊन पुन्हा दीडशे. पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. रहमतुल्लाच्या मागच्या रिक्वेस्टीत नवी ओळ आली होती. आधी तिथं पुढे: रहमतुल्ला असं होतं. आता पुढे: पार्वताबाई, वाडेगाव. मागच्यानं एक पाऊल पुढे सरकून जागा भरून काढली होती.

आणि तो मागचा होता, नाव: शालिकराम.

बुधवार सगळा चरफडण्यात गेला. तिनं जागा दीडशेच्या चारशे केल्या. दहा मिनिटांत चारशे भरल्या. रांग मागच्या साली मोठी होती, माणसं संपत नव्हती. तिनं दुसऱ्या पत्त्यावर दुसरी मशीन उभी केली. तीही भरली, आणि तिथल्या पहिल्या रिक्वेस्टीत पुढे म्हणून पहिल्या मशीनवरच्या शेवटच्याचं नाव होतं. गोदामाचा पत्ताच बंद करून पाहिला, तर तो पत्ता बंद असल्याचं सर्व्हर सांगत होता आणि रांग होती तशीच होती. तिनं कीबोर्ड उचलून आपटला. त्याचं एक बटण उडून कूलरखाली गेलं आणि ते शोधायला वाकलेल्या शाकीबभाईंच्या डोक्याला टेबलाचा कोपरा लागला.

"या खुदा! मंजुषा, सीधी बात हाय. टाइम लाव, तोडून टाक सगळ्याइले. उद्या एक दिवस उरला आपल्याजवळ."

"लावतो ना," ती म्हणाली. खरंच लावणार होती. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"मंजू, तुया रहमतुल्लाचाचाले का झालं का मालूम," शालिकराम म्हणाले. "काल दुपारी मागावर बसला होता, एकदम उठला आन भायेर आला. नळावर बायांच्या मांगं जाऊन उभा. हातात ना गुंड ना बालटी. बायाइले विचारते, शेवटचा कोण? हाकललं तं मशिदीच्या दाराशी जाऊन उभा राह्यला. आज सकाळी एक म्हैस उभी होती रस्त्यात, तं तिच्या मांगं. डॉक्टर मनते उन्हानं झालं."

"काल किती वाजता, बाबा?"

"साडेबारा आसन. काहून?"

मंजुषानं नोंद पाहिली. रहमतुल्लाची रिक्वेस्ट तिनं बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तोडली होती.

ती हुशार मुलगी होती, इंजिनिअर होती, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण मर्यादेची ओळ लिहून ठेवलेली असताना तिचं बोट काही ते बटण दाबेना. शाकीबभाईंना तिनं सांगितलं, गोदामाची वायर स्वतः पाहून येते.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं ती बडनेऱ्याहून अकोल्याला गेली. गोदामाच्या भिंतीवर तुटलेली वायर लोंबत होती, तिच्या टोकाला गंज चढलेला. आत पोत्यांखेरीज काही नव्हतं. फाटकाबाहेर मात्र पाच-पन्नास माणसं आत्तापासून जमली होती. साइट चालत नाही ही बातमी फुटलीच होती. खुशालराव घामानं निथळत होते.

"म्याडम, उद्या दहाले हे चाललं पाह्यजे. नाई तं इथी पुन्हा तेच होते. मागच्या साली कोणी मेलं नाई हे नशीब. या साली गर्दी जास्त हाय. चाललं पाह्यजे!"

तिथून जीपनं ती बाळापुरात उतरली. एक वाजला होता. किल्ल्याखालच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ऊन असं की दगडाकडे पाहवत नव्हतं. रहमतुल्लाचाचांच्या घराच्या दारात खुर्शीदबी, त्यांची बायको, डोक्याला हात लावून बसली होती. चाचा अंगणात उन्हात उभे होते. अंगावरचा सदरा ओला. मंजुषा ओसरीकडे जायला वळली तसे ते आले आणि तिच्या मागे हातभर अंतरावर उभे राहिले.

"चाचा, मी मंजुषा. शालिकरामची पोरगी."

"हां," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "बाई, तुमच्या मांगं कोणी हाय काय?"

"नाई, चाचा."

"मंग मी हाय. ध्यानात ठेवजा." मग हळूच, "लाइन सरकून काहून नाई राह्यली?"

खुर्शीदबी तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. "कल से ऐसाच करून राहिले. नमाज में भी पिछली सफ में अकेले खडे. खाणं देल्लं तं ताट घेऊन दाराशी उभे. मनते, माझी जागा गेली, आता पुन्हा मांगून लागावं लागन."

तिथून ती गावी आली. बाबा दारापुढच्या सपरीत बसून वांगी निवडत होते. ठणठणीत होते, उलट मंजुषाच वाळली म्हणून आईला ओरडत होते. आई, मनकर्णाबाई, भाकरी थापत होती. मंजुषाला दोन घास गेले नाहीत.

"बाबा, मागच्या सालच्या रांगेत तुमचा नंबर कितवा होता?"

"आता बाप्पा, मले काय मालूम! रहमतुल्ला पुढं होता. मांगं कोणी पोट्टा होता उरळचा." ते हसले. "पण एक सांगू? घरी आलो तरी आठ दिवस असं वाटे का आपण उभेच हाओत. झोपेत पाय दुखत."

"आन आता?"

त्यांनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "आता सवय झाली."

निघताना तिनं त्यांना तीन-तीनदा बजावलं, उद्या घरीच राहा, अकोल्याले जायचं नाई, तुमचा नंबर मी ऑफिसातून लावतो. आपला बाप रांगेतून तुटला तर तोही असा नळावर आणि म्हशीमागे उभा राहील, हे तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हतं. आणि तोडलं नाही तर उद्या फाटकावर माणसं चेंगरतील. ती जीपमध्ये सगळा रस्ताभर स्वतःला शिव्या देत राहिली. वेळेची मर्यादा काढून टाकायची अक्कल कुणाची? तिचीच ना!

शुक्रवारी आठ वाजता ती ऑफिसात होती. चारशे जागा भरलेल्या. नऊला खुशालरावांचा पहिला फोन आला, फाटकावर हजार माणसं. साडेनऊला दुसरा, दोन हजार, आणि पोत्यांची थप्पी लावून फाटक आतून दाबून धरलंय.

"मंजुषा!" शाकीबभाई ओरडले. त्यांचा आवाज आजवर असा कुणी ऐकला नव्हता. "काय हाय का तुया मनात? तोड!"

"तोडतो!" तीही ओरडली. "तोडतो, जरा दम खा!"

नऊ पन्नास झाले होते. तिनं छोटासा प्रोग्राम लिहिला. वीस सेकंदांत रिकामी ओळ आली नाही तर कनेक्शन तोडायचं. मग ती थांबली. पार्वताबाई, गोवर्धन, आशाबाई, शकुन. इथंच तीनशे नव्व्याण्णव माणसं, दुसऱ्या मशीनवरची आणखी वेगळी, कुठं मागावर, कुठं चुलीपुढे, कुठं बैलांमागे असतील आत्ता. फाटकावर दोन हजार. असं एकेक माणूस तराजूत घालता येत नाही हे तिला कळत होतं आणि घालावं तर लागणारच होतं, त्याचा तिला संताप संताप आला होता.

तिनं आणखी एक ओळ लिहिली. नाव शालिकराम असेल तर सोडून द्यायचं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आपलं म्हणून एकाला वाचवलं, बस. लाज वाटली, पण ओळ खोडली नाही.

नऊ अठ्ठावन्नला तिनं दोन्ही मशीनसाठी बटण दाबलं.

आकडा उतरायला लागला. तीनशे ऐंशी. दोनशे दहा. नव्वद. बारा.

एक.

साइट उघडली.

दहाला पहिला नंबर गेला, बडनेऱ्याला. मग मूर्तिजापूर, अकोट, धो धो. शाकीबभाईंनी टेबलावर थाप मारली आणि खाली चहा सांगायला धावले. दहा वाजून सहा मिनिटांनी खुशालरावांचा फोन आला, आवाजात जीव परत आलेला.

"जमलं, म्याडम! लोकाइच्या मोबाइलवर नंबर येऊन राहिले. फाटकावरून हटले सारे."

"सारे?"

"सारेच म्हणा. काही जण हायेत, जाऊन नाई राहिले. नंबर भेटला मनलं तरी उभेच. उन्हात, एकामांगं एक."

"पुढं कोण हाय त्याइच्या?"

"पुढं तं कोणीच नाई. भिंत हाय." खुशालराव घुटमळले. "आन अजूनही येऊन राहिले, बाई. चालत. गावाकडून."

तिनं फोन बंद केला. बाबांचा नंबर लावला.

"बोल, मंजू," शालिकराम म्हणाले. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "झेंडू तोडून राहिलो. का झालं? लागला का नंबर?"

"तुमी बरे हात ना?"

"मले का होते? जेवली का तू?"

तिला रडूच फुटलं. "जेवतो," ती म्हणाली. "बाबा, तुमी आज घरातून हलू नका."

"बरं बाई, नाई हलत."

तिनं डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं. नंबर भराभर जात होते. कोपऱ्यात ती एकच जुनी रिक्वेस्ट उघडी होती. ओळ आली.

मागे:

नाव नव्हतं. बरोबर, मागचे सगळे गेले होते. पंधरा सेकंद गेले.

पुढे:

तिथंही नाव नव्हतं.

आणि आता कुठं तिच्या लक्षात आलं. गेले चार दिवस तिनं कोण कुणाच्या मागे आहे तेवढंच पाहिलं होतं. ही रांग कशासाठी आहे, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. बी तर दहापासून वाटलं जात होतं. एवढी माणसं वर्षभर ज्याची वाट पाहत थांबली होती, ते जे काय होतं, त्याच्यापुढे तिनं आपल्या बापाला एकट्याला नेऊन ठेवलं होतं.

तिनं रिक्वेस्ट तोडायला हात पुढे केला. नळावर उभे राहोत, म्हशीमागे राहोत, पण आपले राहोत.

रिकामी ओळ आली.

सर्व्हरनं आपल्या रीतीनं नोंद केली. दहा वाजून चौदा मिनिटं. रिक्वेस्ट पूर्ण. उत्तर पाठवलं.

उघडी जुनी कनेक्शनं शून्य.

तिनं पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

तिसऱ्यांदा आईनं उचलला.

"आई, बाबा कुठी हायेत? बाबाइले दे."

"अवं, आत्ता तं गेले," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, नवल होतं. "फुलाची टोपली तशीच ठेवून गेले. मी मनलं, उन्हाचं कुठी? तं मने, ती बलावून राहिली ना."

"कोण बलावून राहिली?"

"कोण म्हंजे?" आई हसली. "तूच तं आवाज देल्ला धुऱ्यापासून. बाबा, या, तुमचाच नंबर हाय. मीही आयकला, मंजू. तुयाजवळच हायेत ना ते?"